फ्लोच्या रकान्यात शून्य

माझा आवाज बसला तो श्रावणात. भजनी मंडळात अभंगाची पहिली ओळ उचलायचं काम माझ्याकडं असतं. त्या सोमवारी ओळ वर चढवायला गेलो आणि सूर मधेच फाटला. पावसाळी हवा आहे, बसला असेल घसा, म्हणून गुळण्या सुरू केल्या. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, मग गोळ्या. ज्या डॉक्टरांकडं आमचं घर वर्षानुवर्षं जातंय त्यांनी चार महिने घशाचीच औषधं बदलून बदलून दिली. छातीचा साधा फोटोसुद्धा काढायला सांगितला नाही. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे.

डिसेंबरात धाकट्या मुलीनं हट्टानं दुसऱ्या, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी नाकातून दुर्बीण घातली, मला "ई" म्हणायला लावलं आणि दोन मिनिटांत म्हणाले, "काका, घसा चांगलाय तुमचा. डावा स्वरतंतू हलत नाहीये. त्याला हलवणारी नस छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि परत वर घशाकडं येते. तिथं खाली काहीतरी तिला दाबतंय. सीटी करून घ्या, उद्यावर टाकू नका."

सीटीत दिसलं ते असं. हृदयातून निघणारी मोठी धमनी साधारण तीन-साडेतीन सेंटिमीटरची असते, माझी ५.८ झाली होती. फुगा वर चढून कमानीच्या खालच्या अंगात शिरला होता आणि नस तिथंच चेपली होती. आवाज गेला नसता तर मला हे कळलंच नसतं. फुगा फुटल्यावर घरच्यांना कळलं असतं.

मी चौतीस वर्षं दूध शीतकरण केंद्रात काढली. कॅन उतरवणाऱ्यापासून सुरुवात केली, निवृत्त झालो तेव्हा शिफ्टचा इनचार्ज होतो. हे सांगायचं कारण आहे. पुढं माझ्या बाबतीत जे झालं ते समजून घ्यायला मला डॉक्टरी ज्ञानापेक्षा प्लेट चिलरचंच (पत्र्याच्या एका अंगानं दूध, दुसऱ्या अंगानं गार पाणी नेऊन दूध थंड करणारं यंत्र) ज्ञान जास्त उपयोगी पडलं, आणि मी जे लिहितोय तेही त्याच अंगानं लिहितोय.

सर्जनसाहेबांनी प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागं छत्रीच्या दांड्यासारखी आकृती काढली. दांड्याच्या वळणावरून तीन फांद्या वर जातात. त्यांतून दोन्ही हातांना आणि मेंदूला रक्त पोहोचतं. नेहमीच्या बायपासमध्ये हृदय थांबवतात, पण हार्ट-लंग मशीन शरीरात रक्त फिरवत राहतं, मेंदूला कमी पडत नाही. माझ्या बाबतीत दुरुस्ती नेमकी फांद्या फुटतात त्या कमानीवर होती. तिथं चिमटा लावायलाच जागा नव्हती, आणि लावला असता तर तटतटलेली भिंत फाटायची भीती. मी म्हटलं, "म्हणजे साहेब, चालू लाइनवर फ्लँज, म्हणजे पाइपचा जोड, बदलता येत नाही. लाइन बंद करून रिकामी करावी लागते."

ते म्हणाले, "अगदी तसंच. मशीनसुद्धा बंद. अंगात कुठंच रक्त फिरणार नाही. मला साधारण पंचवीस मिनिटं लागतील."

बायको शेजारी बसली होती. तिनं विचारलं, "आणि मेंदू?"

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण ऑक्सिजन लागतो एकूण वापराच्या वीस टक्के. शिवाय त्याच्याकडं साठा नाही. आमच्या केंद्रात लाइट गेली तर आइस बँकेत बर्फ असायचा, डिझेलचा जनरेटर असायचा, तासभर निभावून जायचं. मेंदूकडं यातलं काही नाही. रक्त थांबलं की दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते, आणि नेहमीच्या ३७ अंशांना चार-पाच मिनिटांतच कायमची इजा सुरू होते. पेशी जिवंत राहण्यासाठी आतलं मीठ-पाणी सतत उपसत असते. इंधन संपलं की हा उपसा बंद पडतो. मग एका पेशीचा दुसरीला निरोप देणारं ग्लुटामेट नावाचं रसायन भसाभसा बाहेर सांडतं, त्यानं शेजारच्या पेशींची दारं उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि पेशी आतून पोखरली जाते. रक्त परत सुरू झाल्यावरही हे काही काळ चालूच राहतं.

"म्हणून त्यांना आधी थंड करणार," साहेब म्हणाले. "अठरा अंशांपर्यंत."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी मनात हिशेब करत होतो. आमच्याकडं दूध ४ अंशांवर आणायचो. का आणायचो, तर थंडीनं दुधातले जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ रोखली जाते. सकाळी सहाला काढलेलं दूध साध्या हवेत ठेवलं तर दुपारी उकळताना फाटतं. तेच थंड केलं तर उद्या टँकर येईपर्यंत चांगलं राहतं. दूध चांगलं करायची ताकद थंडीत नाही, ते आलं तसं धरून ठेवायची आहे. एवढं मला माहीत होतं. पण दुधात थंडी शत्रूला सुस्त करते. इथं मात्र ज्याला वाचवायचं त्या मेंदूलाच सुस्त करायचं होतं. तिथं माझी समजूत अडली, ती भूलतज्ज्ञ बाईंनी पुढं नेली.

बाई ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डात आल्या आणि बराच वेळ थांबल्या. त्यांनी सांगितलं ते असं. मेंदूची भूक दोन प्रकारची असते. निम्म्याहून जास्त इंधन विचार, हालचाल, निरोप यांच्या विजेवर जातं. बाकीचं नुसतं घर सांभाळायला, म्हणजे तो उपसा चालू ठेवायला जातं. भुलीच्या औषधांनी पहिला खर्च बंद पाडता येतो, मेंदूचा आलेख सपाट होईपर्यंत. दुसऱ्याला औषध हात लावू शकत नाही. थंडी दोन्ही खर्च कमी करते. एक अंश उतरला की मेंदूची भूक साधारण सहा-सात टक्क्यांनी उतरते, आणि प्रत्येक अंश आधीच्या उरलेल्या भुकेतून कापतो. अठरापर्यंत खाली आलं की भूक पाव हिश्श्याच्या आसपास येते. शिवाय थंडीत ते ग्लुटामेट सांडणंही बरंच आवरतं. म्हणजे पाच मिनिटांची मुदत पंचवीस-तीस मिनिटांवर जाते. चाळीसच्या पुढं अर्धांगाचा धोका चढायला लागतो. म्हणून त्यांच्या टीमचा नियम ठरलेला होता. अर्ध्या तासात आटोपलं नाही, तर मेंदूकडं जाणाऱ्या धमनीत वेगळी नळी घालून थंड रक्ताची बारीक धार सोडायची. ती नळी त्या दिवशी तयार ठेवली होती.

मी विचारलं, हे सुचलं कुणाला? त्यांना इतिहासाची आवड होती, डोळे चमकले त्यांचे. कॅनडात टोरांटोला बिगेलो नावाचे सर्जन होते. थंडीत शरीराची ऑक्सिजनची गरज उतरते, तर उघड्या हृदयावर काम करायला तिचा उपयोग का करू नये, असं त्यांच्या मनात आलं. १९५० च्या सुमारास त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. हिवाळाभर बिळात गार पडून झोपणाऱ्या ग्राउंडहॉग नावाच्या प्राण्याचाही अनेक वर्षं अभ्यास केला. मग २ सप्टेंबर १९५२ ला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या एका मुलीला बाहेरून थंड केलं, रक्ताच्या वाटा काही मिनिटं बंद केल्या आणि तिच्या हृदयाचं भोक डोळ्यांनी बघत शिवलं. तोपर्यंत हार्ट-लंग मशीन माणसावर यशस्वी झालेलंच नव्हतं. पुढं मशीन आलं, खोल थंड करणं शक्य झालं, आणि १९७५ मध्ये रँडल ग्रीप यांनी याच पद्धतीनं कमान बदललेले चार रुग्ण जगासमोर मांडले. तेव्हापासून ही वाट रुळली.

"आणि नॉर्वेतली ती डॉक्टर," बाई म्हणाल्या. १९९९ मध्ये आना बोगेनहोल्म नावाची तरुण डॉक्टर स्कीइंग करताना बर्फाखालच्या ओढ्यात अडकली. ऐंशी मिनिटं अडकून होती, बाहेर काढली तेव्हा हृदय बंद. शरीर १३.७ अंशांपर्यंत उतरलं होतं. हार्ट-लंग मशीननं हळूहळू गरम करून तिला परत आणलं. ती पुन्हा इस्पितळात काम करू लागली. बायको हे ऐकताना माझा हात धरून होती. "तिचं मन ठिकाणावर राहिलं ना?" एवढंच तिनं विचारलं. बाई म्हणाल्या, "राहिलं, मावशी." मग लगेच हेही म्हणाल्या, की ती आधी गार पडली आणि नंतर हृदय थांबलं म्हणून वाचली. आधी हृदय थांबून मग गार पडलेल्या माणसाचं तसं होत नाही. त्यांनी ते झाकून ठेवलं नाही, म्हणून माझा त्यांच्यावर भरवसा बसला.

संध्याकाळी परफ्युजनिस्ट आली. हार्ट-लंग मशीन चालवणारी व्यक्ती. गडहिंग्लजकडची मुलगी, माझ्या थोरलीपेक्षा लहान. मी कुठं कामाला होतो ते ऐकल्यावर ती परत गेली आणि शिकवायला ठेवलेला, मुदत संपलेला ऑक्सिजनेटर, म्हणजे रक्ताला ऑक्सिजन देणारा आणि गार-गरम करणारा मशीनचा भाग, घेऊन आली. माझ्या हातात दिला. तीन पुडांच्या डब्याएवढं पारदर्शक प्लास्टिकचं पिंप. आत केसांसारख्या पोकळ नळ्यांचं भेंडोळं. बाजूला तोंडं, त्यांतली दोन रक्ताची आणि दोन पाण्याची. मी बोट ठेवून विचारलं, "पाणी एका अंगानं, रक्त दुसऱ्या अंगानं. मधे पत्रा. एकमेकांत मिसळत नाही." ती म्हणाली, "बरोबर, काका. हा तुमचा प्लेट चिलरच." त्या क्षणी माझी भीती बरीच उतरली. चौतीस वर्षं मी ज्याच्या गॅस्केटा बदलल्या त्याच जातीच्या यंत्रातून उद्या माझं रक्त जाणार होतं.

मग आम्ही दोघं एका धंद्यातली माणसं बोलावीत तसं बोलत बसलो.

"तुमच्याकडं बत्तीसचं दूध चारवर यायला किती वेळ लागतो?"

"चिलरमधून जाताना काही सेकंद."

"माझ्याकडं पाऊण तासाच्या वर लागतो. घाई केली तर माणूस बिघडतो."

तिनं कारण सांगितलं. एक म्हणजे रक्त थंड झालं म्हणून माणूस थंड होत नाही. मेंदूचा वरचा थर आणि आतला थर सारखा गार व्हायला वेळ लागतो. नाकातला तापमान मोजणारा प्रोब अठरा दाखवत असेल आणि मूत्राशयातला बावीस, तर अजून थांबायचं. हे मला लगेच पटलं. कॅनमधलं वरचं दूध गार लागतं आणि तळाचं कोमट असतं, दांडीनं ढवळल्याशिवाय थर्मामीटर खरं बोलत नाही. दुसरं कारण मला नवीन होतं. थंड रक्तात वायू जास्त विरघळतो. फार गार रक्त उबदार शरीरात एकदम सोडलं, की तो वायू बुडबुडे होऊन बाहेर येऊ शकतो, आणि बुडबुडा मेंदूत गेला तर रक्तवाहिनी बंद. म्हणून आत जाणारं आणि बाहेर येणारं रक्त यांच्यात दहा अंशांहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही. परत गरम करताना तर जास्तच जपायचं. रक्त ३७ च्या वर कधीच न्यायचं नाही, कारण नुकताच उपाशी राहिलेला मेंदू गरम झाला तर झालेली इजा वाढते.

"थंड करताना सगळे बघत असतात," ती म्हणाली. "गरम करायच्या वेळी सगळ्यांना घरी जायची घाई झालेली असते. मी मात्र तेव्हाच हट्ट धरते."

थंडीत रक्त दाट होतं, म्हणून ते आधीच पातळ करून घेतात. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट थंडीत काम सोडतात, म्हणून नंतर रक्तस्राव होतो. त्यासाठी रक्ताची सोय आधी करून ठेवायला सांगितली होती. पेठेतल्या तालमीची पोरं सकाळी व्यायाम उरकून सरळ रक्तपेढीत गेली. अकरा जण. त्यांतल्या चौघांना मी ओळखतही नव्हतो. "काका, काळजी करू नका, अजून पंधरा जण थांबल्यात," असा निरोप मुलीच्या फोनवर आला. तो मी पुन्हा पुन्हा वाचला.

ऑपरेशनचा दिवस मंगळवार. पहाटे बायकोनं कपाळाला अंबाबाईचं कुंकू लावलं, नर्सनं सौम्यपणे पुसलं. "मावशी, इथं दोन पट्ट्या चिकटवायच्यात," म्हणाली. मेंदूतल्या ऑक्सिजनचा अंदाज घेणारे सेन्सर होते ते, कपाळाच्या दोन्ही बाजूंना एकेक. डोक्याभोवती बर्फाच्या पिशव्या भूल दिल्यावर ठेवणार होते. मी थिएटरमध्ये गेलो तेव्हा त्या कोपऱ्यात ट्रेमध्ये रचून ठेवलेल्या दिसल्या. रक्त खेळतं आहे तोवर मेंदू आतून गार होतो. रक्त थांबल्यावर खोलीची ऊब डोक्यात शिरायला लागते, तिला बाहेरच अडवायला त्या पिशव्या. भूलतज्ज्ञ बाईंनी मास्क लावला, म्हणाल्या, "काका, अभंग म्हणा." माझ्या फाटक्या आवाजात मी पहिली ओळ सुरू केली. दुसरी म्हटली की नाही, आठवत नाही.

पुढचं मला माहीत नाही. मधे काही दिसलं का, उजेड वगैरे, असं लोक फार उत्सुकतेनं विचारतात. काही दिसलं नाही. झोपेत निदान वेळ गेल्याची जाणीव असते, तीही नव्हती.

जाग आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. घशात नळी. साहेबांचा आवाज, "काका, उजवा हात दाबा. आता डावा. पाय हलवा." सगळं हललं. ते नुसते "छान" म्हणून गेले, पण बायको सांगते की बाहेर येऊन त्यांनी तिला हात जोडले.

त्यानंतरचे चार दिवस मात्र वाईट गेले आणि ते लिहायलाच हवेत, कारण आधी कुणी सांगितलं असलं तरी बघणाऱ्याला ते झेपत नाही. मला भ्रम झाला होता. आयसीयूतल्या मशीनचा घुरघुराट मला कॉम्प्रेसरचा वाटत होता. टँकर दारात उभा आहे, दूध साडेसात अंशांवर अडकलंय, खाली येत नाही, असं मी ओरडत होतो. नळ्या ओढू नयेत म्हणून मऊ पट्ट्यांनी हात बांधले होते. मुलीला माझ्या वारलेल्या बहिणीच्या नावानं हाका मारल्या. मुलगी बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडली. "आण्णा परत आले, पण आमचे आण्णा आलेत का?" असं ती आईला म्हणाली. थंड करून रक्त थांबवलेल्या काही रुग्णांना असं होतं. अर्धांगासारखी कायमची इजा ही वेगळी गोष्ट, आणि काही दिवसांचा हा गोंधळ वेगळा. डॉक्टरांनी तिला समजावलं की बहुतेकांचा हा गोंधळ निवळतो, पण किती दिवसांत ते सांगता येत नाही.

शुद्ध थोडी स्थिरावल्यावर माझी मीच परीक्षा घ्यायला लागलो. दुधाचा एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेला घन भाग, काढायचं सूत्र मी झोपेत सांगितलं असतं. सीएलआरला, म्हणजे लॅक्टोमीटरच्या दुरुस्त केलेल्या आकड्याला, चारनं भागायचं, त्यात फॅटचा हिस्सा मिळवायचा, मग ठरलेला आकडा. तिसऱ्या दिवशी "सीएलआर भागिले चार" इथपर्यंत यायचो आणि पुढं कोरी पाटी. पुन्हा पहिल्यापासून. सीएलआर भागिले चार. छतावरच्या झरोक्याच्या जाळीकडं बघत मी हे किती वेळा केलं असेल त्याला गणती नाही. मनातून पार खचलो होतो. कमान बदलली पण आतलं काहीतरी सांडून गेलं, असं वाटत होतं. पाचव्या दिवशी पहाटे सिस्टर रक्तदाब घेत असताना अचानक सगळं सूत्र ओळीनं आलं, शेवटच्या आकड्यासकट. मी तिला म्हटलं, "सिस्टर, लिहून घ्या." तिनं खरंच हाताच्या मागं पेनानं लिहिलं आणि बायको आल्यावर तिला दाखवलं. बायकोला त्यातलं काही कळलं नाही. पण माझ्या तोंडाकडं बघून तिला कळलं.

बाराव्या दिवशी घरी. छातीचं हाड जुळायला तीन महिने लागले. रंकाळ्याला आधी एका दगडी बाकापर्यंत, मग दुसऱ्या, असं करत उन्हाळ्यापर्यंत निम्मा फेरा व्हायला लागला. आवाज पूर्ण आला नाही. नस फार दिवस चेपलेली होती. मंडळात आता ओळ दुसरा उचलतो, मी मागं धरतो. पुस्तक वाचताना कधी मागचं पान विसरतो, ते आधीही होत होतं की नाही हे मी खात्रीनं सांगू शकत नाही.

ही हकीकत पसरल्यावर गावाकडनं फोन यायला लागले, आणि त्यामुळंच मुख्यतः मी हे लिहायला बसलो. "आमच्या वडलांना अर्धांगवायूचा झटका आला होता, डोक्यावर बर्फ ठेवला असता तर वाचले असते का?" एका ठिकाणी तर खरंच ठेवला होता, आणि त्यात दीड तास गेला. हात जोडून सांगतो, असं करू नका. मला जे केलं ते मशीनच्या आधारानं, भुलीत, रक्त थांबायच्या आधी केलं होतं. घरात डोक्यावर ठेवलेल्या बर्फानं मेंदू अठराला येत नाही, वेळ मात्र जातो. झटक्यात तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं, तर त्याच क्षणी सीटी असलेल्या इस्पितळात न्यायचं. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही प्रत्येकाला नाही. बर्फ शोधायला गेलेली मिनिटं त्यातूनच वजा होतात.

दुसरा प्रश्न हृदय बंद पडून परत सुरू झालेल्या माणसांचा. त्यांना आयसीयूत ३३ अंशांवर ठेवायची पद्धत मधे बरीच होती. भूलतज्ज्ञ बाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, २०२१ मध्ये मोठा अभ्यास आला, त्यात ३३ ला ठेवलेले रुग्ण आणि नुसता ताप येऊ न दिलेले रुग्ण यांच्यात फरक दिसला नाही. म्हणजे इजा झाल्यावरची थंडी आणि इजेच्या आधीची थंडी यांत फार अंतर आहे. हे मी दुधावरून आधीच ओळखायला हवं होतं. आंबायला लागलेलं दूध चिलरमधून घातलं तर गार आंबट दूधच मिळतं. शेतकऱ्याला आम्ही हेच सांगत असायचो, काढल्या काढल्या आण.

सहा महिन्यांच्या तपासणीला गेलो तेव्हा पहाटे गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबलो. समोर म्हैस पिळून ग्लास हातात देतात. फेसाखाली ग्लास कोमट लागतो, म्हशीच्या अंगाची ऊब असते ती. बायकोनंही अर्धा ग्लास घेतला. मग इस्पितळात गेलो. साहेबांना भेटल्यावर परफ्युजनिस्टला शोधलं आणि एक मागणं केलं, मला माझ्या मशीनचा लॉगशीट बघायचाय. तिनं फाइल मागवून झेरॉक्स दिली.

बाकावर बसून मी तो वाचला. आमच्याच शीटसारखा होता, उभे रकाने, आडव्या वेळा. फ्लो, प्रेशर, नाकाचं तापमान, मूत्राशयाचं तापमान, पाण्याचं तापमान. मशीन सुरू झालं १०.०५ ला. पुढं दर पाच मिनिटांनी नोंद, छत्तीस, चौतीस, एकतीस असे उतरत जाणारे आकडे. ११.०४ ला नाक १८.१. त्याच ओळीत फ्लोच्या रकान्यात शून्य, प्रेशरच्या रकान्यात शून्य. त्याखाली ११.०९, शून्य. ११.१४, शून्य. ११.१९, ११.२४, ११.२९. नाकाचं तापमान प्रत्येक ओळीत पॉइंट-दोन पॉइंटनं वर सरकलेलं. ११.३१ ला फ्लो परत सुरू, तोही थोडा वेळ थंडच ठेवलेला. तिथून पुढं गरम करायच्या नोंदी पान उलटून दुसऱ्या पानावर गेल्या होत्या, एक तास चाळीस मिनिटं. पाण्याचा आकडा रक्ताच्या पुढं दहा अंशांहून जास्त कुठंच पळाला नव्हता.

माझ्या हाताखालच्या पोरांना मी एक गोष्ट कायम तपासून बघायचो. शीट त्या त्या वेळी भरलाय, की शिफ्ट सुटताना एका दमात. एका दमात भरलेला लगेच ओळखू येतो, अक्षर एकसारखं असतं आणि आकडे गोल असतात. या शीटवर अक्षर हलत होतं. ११.१९ चा नऊ अर्धवट राहून पुन्हा गिरवलेला होता. १८.७ लिहून खोडून १८.६ केलं होतं आणि खोडलेल्यावर छोटी सही होती.

मी तो कागद बायकोकडं दिला. ११.०४ वर बोट ठेवलं आणि विचारलं, "या वेळी तू कुठं होतीस?"

तिनं आठवून पाहिलं. "खाली. रक्त द्यायला आलेल्या पोरांना चहा पाजत होते," ती म्हणाली. मग बोट सरकवत सरकवत ती शून्यांच्या ओळी स्वतः मोजायला लागली.